लेकीचे पिस्तूल आणि आमची वही

कोल्हापूरचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला तालीम, तांबडा-पांढरा रस्सा आणि चप्पल आठवते. गेल्या वीस वर्षांत या यादीत नेमबाजीची भर पडली आहे. तेजस्विनी सावंत यांनी २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रायफलमध्ये सुवर्णपदके आणली आणि २०१० साली म्युनिक येथे त्या ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०२४ साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये ऑलिम्पिकचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा तर साऱ्या जिल्ह्याने गुलाल उधळला. अशा गावात एखाद्या पोरीने आईबापांकडे सायकलऐवजी नेमबाजीचा हट्ट धरला, तर त्यात नवल काही नाही.

आमच्या घरी तेच झाले. आम्ही दोघे साधी कारागीर माणसे. आमच्यापैकी एकाचे आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेले आणि एकीचे घरातल्या शिलाई मशीनवर. थोरली लेक नववीत असताना शाळेच्या सुट्टीतल्या शिबिराला गेली आणि एअर पिस्तूल हातात धरून आली. आली ती हरखूनच. दोन वर्षे तिने एअर पिस्तुलावर काढली. मग प्रशिक्षकांनी तिला २५ मीटरच्या पिस्तुलावर घेतले. आता ती बारावीला आहे.

पिस्तूल हा शब्द आमच्या मोहल्ल्यात सहज उच्चारायचा शब्द नव्हे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. पहिल्या दिवशी दादींनी हातातली तस्बीह बाजूला ठेवली आणि विचारले, "घरात आणणार काय ते?" शेजारच्या चाचांनी वेगळ्या शब्दांत तेच विचारले. आपल्यासारख्या आडनावाच्या पोरीच्या दप्तरात पिस्तूल, आणि नाक्यावर कुणी थांबवले तर? त्यांची काळजी खोटी नव्हती. म्हणून आम्ही सगळ्यांना एकच उत्तर दिले. पिस्तूल तिचे नाही, केंद्राचे आहे. परवाना केंद्राचा आहे आणि सराव संपला की ते केंद्राच्याच कुलपात जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे स्वतःच्या नावाने परवाना मिळायला वय २१ पूर्ण लागते. आमच्या घरी येतो तो तिचा चष्मा, कानावरचे हेडफोनसारखे ते मफ आणि एक वही. या लेखाचा विषय ती वहीच आहे.

आधी पिस्तूल कसे चालते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. एअर पिस्तुलात प्रत्येक वेळी एक छोटा छर्रा हाताने घालावा लागतो, त्यामुळे अडकण्याचा प्रश्नच येत नाही. २५ मीटरचे पिस्तूल मात्र अर्धस्वयंचलित असते. पाच काडतुसे एका मॅगझिनमध्ये भरायची आणि मॅगझिन पिस्तुलात बसवायचे. एक गोळी उडाली की तिच्या धक्क्याने मागचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जातो. जाताना एक बारीकसा आकडा रिकामी पुंगळी ओढून बाहेर काढतो आणि ती बाजूच्या खिडकीतून उडून पडते. मग स्प्रिंग स्लाइडला पुन्हा पुढे ढकलते. पुढे येताना ती मॅगझिनमधले वरचे काडतूस सोबत घेते, छोट्या उतारावरून वर चढवते आणि नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या चेंबरमध्ये बसवते. हे सगळे पापणी लवायच्या आत होते. चाप मात्र प्रत्येक गोळीला वेगळा ओढावा लागतो. ज्या घरात शिलाई मशीन आहे, तिथल्या बायकांना हे पटकन समजेल. सुई वर-खाली होते, खालचे दाते कापड पुढे सरकवतात, बॉबिन धागा देते. तिघांचा मेळ जमला तर टाका पडतो, एकाचा चुकला तर धाग्याचा गुंता होतो.

या पिस्तुलाला पॉइंट २२ चे काडतूस लागते. जाडी साधारण साडेपाच मिलिमीटर आणि पुढची शिशाची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास. १८८७ सालापासून हा नमुना जगभर चालू आहे, पण त्याच्यात एक अडचण जन्मापासून आहे. त्याच्या बुडाला चपटी किनार असते. मोठ्या पिस्तुलांची काडतुसे मॅगझिनमध्ये एकावर एक नीट बसतात. याची किनार मात्र खालच्या काडतुसाच्या किनारीत अडकू शकते. शिवाय शिसे मऊ असते आणि त्यावर मेणासारखा थर असतो. जळालेली दारू, शिसे आणि मेण यांची साय चेंबरमध्ये धरत जाते. म्हणजे हे स्वस्त, हलके आणि अचूक काडतूस अडकण्याच्या बाबतीत मात्र नाजूक.

आता स्पर्धेचे सांगतो. २५ मीटर पिस्तुलात ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० सावकाश, पाच-पाचच्या फेऱ्यांत, प्रत्येक फेरीला पाच मिनिटे. पुढच्या ३० जलद. हात खाली तिरका धरून उभे राहायचे. निशाण तीन सेकंद दिसते, तेवढ्यात हात वर करून एक गोळी मारायची. मग सात सेकंद थांबायचे आणि पुन्हा तेच. अशा पाच गोळ्यांची एक फेरी. या फेरीत पिस्तूल अडकले तर काय करायचे, हे नियमात स्पष्ट आहे. पिस्तुलाचे तोंड निशाणाकडेच ठेवायचे, कशालाही हात लावायचा नाही आणि मोकळा हात वर करायचा. अधिकारी येऊन पिस्तूल तपासतो. दोष पिस्तुलाचा किंवा काडतुसाचा असेल तर उरलेल्या गोळ्या पुन्हा मारायला मिळतात. पण मॅगझिन नीट बसवलेले नसेल, पाचापेक्षा कमी काडतुसे भरली असतील किंवा अधिकारी येण्याआधी खेळाडूने स्लाइडला हात लावला असेल, तर सवलत नाही. उरलेल्या गोळ्यांचे गुण शून्य.

गेल्या वर्षीच्या तिच्या स्पर्धेत जलद टप्प्याच्या दुसऱ्या फेरीत तिसरी गोळी अडकली. तिने हात वर केला. अधिकाऱ्यांनी पाहिले, तर मॅगझिन घट्ट बसलेले होते आणि काडतुसाचे नाक उताराला टेकून राहिले होते. सवलत मिळाली, तिने फेरी पूर्ण केली. चौथ्या फेरीत पुन्हा तिसरी गोळी अडकली. तिने पुन्हा हात वर केला, पण तिथल्या नियमाप्रमाणे ३० गोळ्यांच्या टप्प्यात अशी सवलत एकदाच. तीन गोळ्या कोऱ्या गेल्या. दहा गुणांची एक गोळी, तेव्हा नुकसान किती ते वाचकांनीच मोजावे. पुढच्या पातळीसाठी लागणारे गुण तिच्या हाताशी होते, ते गेले.

परत येताना ती एसटीत एक शब्द बोलली नाही. घरी येऊन तिने मफ कपाटाच्या वरच्या खणात ठेवले आणि म्हणाली, "मी आता जाणार नाही." कारण विचारले तर म्हणाली, "माझं चुकलं असतं तर मी सुधारलं असतं. इथं काय सुधारू?"

हे वाक्य आमच्या मनात राहिले. पोरीचे रडणे आम्ही समजू शकतो, पण हा प्रश्न बरोबर होता. आणि तिला उत्तर द्यायला तर चार माणसे टपूनच होती. दादी म्हणाल्या, "पोरी को किसकी तो नजर लगी," आणि त्यांनी मीठ-मिरची ओवाळली. एक नातेवाईक म्हणाले की मुलींच्या मनगटात तेवढी ताकद नसते, मनगट ढिले पडले की पिस्तूल अडकणारच. बरोबर खेळणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी काडतुसांच्या पेटीला दोष दिला. केंद्रात कुणी सांगितले की तेल जास्त घाला, कुणी सांगितले की तेल अजिबात घालू नका. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडे तथ्य होते. ढिल्या मनगटाने पिस्तूल खरोखर अडकते, कारण स्लाइडला मागे जायला आधार मिळत नाही. काडतूस कमजोर असेल तरी अडकते. तेल जास्त झाले की काजळी त्यात कालवून चिकट होते, अगदीच नसले तर घासते. पण सगळीच कारणे खरी असू शकतात, तेव्हा या पिस्तुलाचे कारण कोणते, हे मतांनी ठरत नाही.

यातले मनगटाचे कारण आम्हाला सर्वात जास्त टोचले. एक तर ते मुलीच्या अंगावर येते. दुसरे म्हणजे ते कुणी तपासलेले नसते, नुसते मानलेले असते. मुलीने ते एकदा खरे मानले की पुढची प्रत्येक चूक तिला आपल्या हाताची वाटणार. तिला खेळ सोडायचा असेल तर आम्ही तिला धरून ठेवले नसते. पण न तपासलेल्या कारणासाठी सोडू नये, एवढे आम्हाला वाटले.

तिला आम्ही मनू भाकरची गोष्ट सांगितली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनूचे पिस्तूल मध्येच बिघडले. दुरुस्तीसाठी तिला रेंज सोडून जावे लागले आणि तेवढी मिनिटे हातची गेली. उरलेल्या घाईच्या वेळात नेम धरूनही तिने ५७५ गुण केले आणि ती बारावी आली. आठवीने गाठलेले गुण होते ५७७. दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदके जिंकली. लेकीने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "तिचं काय बिघडलं ते दिसलं होतं." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. तिच्या पिस्तुलात काहीच तुटलेले नव्हते. ते दहादा चालायचे आणि अकराव्यांदा अडकायचे.

उद्यमनगरात यंत्र असे वागू लागले की जुने मेस्त्री त्याला 'लहरी' म्हणतात. म्हादबा मेस्त्रींच्या काळापासून या भागात माणसे यंत्राच्या तोंडाकडे बघून दुखणे ओळखायला शिकली. त्या शिकण्यातला पहिला धडा असा की लहरी यंत्राला हात लावण्याआधी त्याची लहर लिहून काढायची. कधी अडते, कितव्या नगावर अडते, कोण चालवत असताना अडते. दुसरा धडा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शिलाई मशीनचेही हेच. टाका सुटायला लागला तर आधी सुई बदलून बघतात, मग धागा, मग ताण. तिन्ही एकदम बदलले तर मशीन चालू होईल, पण काय बिघडले होते ते कधीच कळणार नाही, आणि आठ दिवसांनी तेच दुखणे परत येईल.

आम्ही तिच्यासमोर शंभर पानी वही ठेवली आणि म्हणालो, "आठ सराव कर. अडलं की चिडायचं नाही, लिहायचं. आठ सरावांनंतरही सोडायचं वाटलं तर सोड." ती कबूल झाली. प्रशिक्षकांनीही मान्य केले, उलट त्यांनीच रकाने आखून दिले. तारीख. काडतुसांच्या पेटीवरचा क्रमांक. मॅगझिन कोणते. पाचातली कितवी गोळी. पिस्तूल साफ केल्यापासून कितवी गोळी. आणि शेवटचा रकाना, अडकलेली वस्तू कशी दिसली.

हा शेवटचा रकाना फार मोलाचा. बाहेरच्या माणसाला सगळे अडकणे सारखेच वाटते, पण ते चार-पाच प्रकारचे असते. काडतुसाचे नाक खाली उतारालाच टेकले, तर संशय मॅगझिनवर. त्याच्या वरच्या दोन कडा, ज्यांना ओठ म्हणतात, त्या वाकल्या असतील, स्प्रिंग थकली असेल किंवा किनारी एकमेकींत अडकल्या असतील. रिकामी पुंगळी खिडकीत उभी राहिली, धुराड्यासारखी, तर संशय ओढणाऱ्या आकड्यावर, कमजोर काडतुसावर किंवा ढिल्या मनगटावर. स्लाइड पुढे आली पण केसभर उघडी राहिली, तर चेंबर काजळलेले. स्लाइड बंद झाली पण आत काडतूसच नाही, तर स्लाइड पुरती मागे गेली नाही किंवा मॅगझिनने काडतूस वेळेवर वर दिले नाही. आणि नुसता 'टक्' आवाज आला, गोळी उडाली नाही, तर काडतुसातच खोट असू शकते.

मॅगझिने तीन होती आणि तिन्ही दिसायला सारखी. शिलाईच्या डब्यातल्या नेलपॉलिशने, केंद्राची परवानगी घेऊन, त्यांच्या बुडाशी एक, दोन आणि तीन ठिपके दिले. बस, एवढीच तयारी.

आठ सरावांत ४०० गोळ्या झाल्या. १४ वेळा अडकले. रविवारी जेवणानंतर आम्ही तिघे चटईवर वही पसरून बसलो. १४ पैकी ९ वेळा मॅगझिन दोन ठिपक्यांचे होते. त्या नऊतही आठ वेळा तिसरी गोळी, आणि नवाच्या नऊ वेळा 'नाक उताराला टेकले' अशी नोंद. उरलेली पाच कोणत्याही मॅगझिनवर होती, पण पाचही पिस्तूल साफ केल्यापासून दोनशेच्या पुढच्या गोळ्यांवर, आणि नोंद 'स्लाइड केसभर उघडी'. पुंगळी खिडकीत उभी राहिल्याची नोंद एकही नव्हती. पेटीच्या क्रमांकाशी कशाचाच मेळ बसत नव्हता.

म्हणजे दुखणे एक नव्हते, दोन होती. दोन्ही एकमेकांत मिसळल्यामुळे ते लहरी वाटत होते. वेगळी केल्यावर दोन्हींना शिस्त होती.

मनगटाचा प्रश्न तेवढा उरला. तो प्रशिक्षकांनी सोडवला. त्यांनी दोन ठिपक्यांचे मॅगझिन स्वतः घेतले आणि लेकीला एक ठिपक्याचे दिले. त्यांचा हात वीस वर्षांचा मुरलेला. सहाव्या फेरीत त्यांच्या हातातही तिसरी गोळी अडकली. लेकीने त्या दिवशी ५० गोळ्या मारल्या, एकही अडकली नाही. प्रशिक्षकांनी वहीत स्वतःच्या अक्षरात तेवढेच लिहिले आणि खाली सही केली. त्या सहीचा तिला पदकापेक्षा जास्त आनंद झाला असे आम्हाला वाटते.

आता दुरुस्ती. इथे आमच्यापैकी एकाच्या संयमाची परीक्षा होती. मॅगझिन उजेडात धरले तेव्हा डाव्या बाजूचा ओठ किंचित बाहेर झुकलेला दिसत होता. ज्याने तीस वर्षे मायक्रोमीटर धरला, त्याला तो कोन सरळ करायला दोन मिनिटे पुरली असती. पण शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्रांच्या दुरुस्तीला परवाना लागतो. शिवाय वाकलेला पत्रा पुन्हा वाकवला की तो थकतो आणि भर स्पर्धेत दगा देतो. म्हणून हात मागे बांधून उभे राहायचे ठरले. केंद्राने परवानाधारक कारागिराला दाखवले. त्याने ओठ सरळ करण्याऐवजी मॅगझिनच बदलायला सांगितले आणि बाकी दोन्हींच्या स्प्रिंगा तपासल्या. नवीन मॅगझिन यायला दोन महिने लागले. तोवर लेकीने दोनच मॅगझिनांवर काम भागवले.

दुसरे दुखणे साफसफाईचे. दर दीडशे गोळ्यांनंतर चेंबरला ब्रश आणि औषध, मग कोरडा कपडा. आकड्याच्या खाचेत टूथपिकने काजळी काढायची. तेल फक्त स्लाइड सरकते त्या खाचांना, तेही बोटाला लागेल न लागेल इतके. चेंबर कोरडे ठेवायचे. आणि मॅगझिन भरताना एक सवय. वरच्या काडतुसाची किनार खालच्या किनारीच्या पुढे आली पाहिजे, मागे राहिली तर ती पुढे सरकताना खालच्याला अडते. प्रत्येक काडतूस आत ढकलून हलकेच मागे टेकवायचे आणि मॅगझिन भरल्यावर बाजूने डोळा लावून बघायचे. यात कष्ट काही नाहीत, पण हे रोज करावे लागते.

नव्या वर्षात ती पुन्हा स्पर्धेला गेली. जाण्याच्या आदल्या रात्री दादींनी मीठ-मिरची ओवाळली, आम्ही अडवले नाही. पोरीने दादींचे हात धरून सांगितले, "दादी, आता बिघाड सापडलाय. तुम्ही फक्त दुआ करा." दादी हसल्या आणि म्हणाल्या की ती तर चालूच आहे.

स्पर्धेत तिला पदक मिळाले नाही. सावकाश टप्प्यात तिचे गुण नेहमीपेक्षा कमीच पडले, वारा होता आणि तिचा श्वास वर लागत होता, असे तिनेच सांगितले. पण ६० च्या ६० गोळ्या उडाल्या. जलद टप्प्यात एकदाही हात वर करावा लागला नाही. पुढच्या पातळीची पात्रता तिने चार गुणांनी गाठली. फोनवर तिने आधी गुण सांगितले नाहीत. "एकही अडकली नाही," हे तिचे पहिले वाक्य.

हा मजकूर वाचून आणखी काही घरांतली मुले-मुली रेंजवर गेली तर आम्हाला आनंद होईल. त्यांच्या अम्मी-अब्बूंसाठी काही गोष्टी सांगून ठेवतो. त्या आम्हाला प्रशिक्षकांनी शिकवल्या, आणि त्यात जिवाचा प्रश्न आहे.

पिस्तूल अडकले की ते फिरवून बघायचे नाही. तोंड निशाणाकडे, बोट चापाबाहेर. सरावातही आधी प्रशिक्षकांना हाक मारायची. ते आले की आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड उघडायची, मग चेंबर डोळ्यांनी आणि उजेडात बघायचे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, ही समजूत चुकीची आहे. एक काडतूस चेंबरमध्ये राहू शकते.

चाप ओढल्यावर 'टक्' वाजले आणि काहीच झाले नाही, तर लगेच उघडायचे नाही. निदान अर्धा मिनिट तोंड निशाणाकडे धरून थांबायचे. काडतूस कधी कधी उशिरा पेटते.

आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, नुसता 'फुस्स', तर तिथेच थांबायचे. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी गोळी मारली तर नळी फुटते. स्पर्धा जाऊ द्या, हात महत्त्वाचा.

घरगुती उपाय करू नयेत. उतार पॉलिश पेपरने घासणे, स्प्रिंग ताणून लांब करणे, पत्रा पक्कडीने वाकवणे, जास्त जोराची काडतुसे वापरून बघणे, हे सगळे सल्ले आम्हाला मिळाले होते. पिस्तूल ज्या वेगाच्या काडतुसासाठी बांधले आहे, तेच त्याला द्यावे.

आणि सराव झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय मुलांना डबा उघडू देऊ नये. गोळी शिशाची असते आणि शिसे पोटात जाणे वाईट.

वहीचे मात्र कुणालाही वावडे नाही. आमच्या लेकीची दुसरी वही आता चालू आहे. केंद्रातल्या आणखी तीन मुलांनी आपापल्या वह्या केल्या, रकाने तेच. एका मुलाच्या वहीतून निघाले की त्याचे पिस्तूल फक्त त्याच्या हातात अडकते. त्याचे मनगट खरोखर ढिले होते. तो मुलगा आहे, चांगला उंचापुरा. त्याला प्रशिक्षकांनी व्यायाम दिला आहे. लेकीने आम्हाला ही बातमी दिली तेव्हा ती हसली नाही, हे आम्हाला आवडले. म्हणाली, "बरं झालं, त्याचं पण सापडलं."

मफ आता कपाटाच्या वरच्या खणात नसतात, दाराजवळच्या खुंटीवर असतात. बारावीची परीक्षा संपेपर्यंत आठवड्यातून दोनच दिवस सराव, असे तिघांच्या संमतीने ठरले आहे. तिसरी वही तिने दादींकडून ईदीच्या पैशांत आणून घेतली आहे. तिच्या पहिल्या पानावर आखलेले रकाने अजून कोरे आहेत.